कोब्यावरची ओल

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लाल नको म्हणे! गॅरेज माझं, गाडी माझी, आणि जमिनीचा रंग ठरवणार ही. "तीस वर्षं एस.टी.चा लाल डबा चालवलात, हौस फिटली नाही अजून?" नाही फिटली! पण राजश्रीबाईंपुढे आजवर कुणाचं चाललंय? शेवटी करड्यावर तह झाला.

मिरजोळ्याहून रूपेश येऊन जागा बघून गेला. एमआयडीसीतल्या शेडींच्या जमिनी करतो. तोंडाचा पट्टा सुटला की थांबत नाही. साधा फ्लोअर पेंट मारला तर गाडीचे गरम टायर तो उचलून नेणार. लाद्या घातल्या तर जॅक लावताना तडकणार. राहिलं इपॉक्सी. दोन डबे एकत्र कालवायचे आणि घट्ट व्हायच्या आत जमिनीवर पसरायचे, वर आणखी एक पारदर्शक हात. "काका, वरण-भात वाढून खाल असं करून देतो." म्हटलं, आधी करून दाखव, मग वरण-भाताचं बघू.

आयुष्यभर दुसऱ्यांची गाडी हाकली. ही पहिली स्वतःची. तिला जागा नीट हवी. माझं एवढंच म्हणणं आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. पौर्णिमा

रूपेशने कोब्यावर प्लास्टिकचा चौकोन ठेवून चारी बाजूंनी टेप मारली. उद्या उचलून बघायचं. आतून पाणी धरलं तर खाली ओल आहे, लेप टिकणार नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

प्लास्टिकला आतून घाम! थेंब ओघळत होते. रूपेशने मान हलवली. "फुगेल काका. थांबायला लागेल."

पण मला लिहायचंय ते वेगळंच. हे गॅरेज म्हणजे आमची जुनी जाळ्यांची शेड—भिंती घेतल्या, शटर बसवलं, झालं गॅरेज. मागच्या भिंतीशी वीसेक वर्षं जाळ्यांचा ढीग पडलेला असायचा. तो गेल्या महिन्यात काढला. आज तिथे कोब्यावर ओल दिसली. बाकी जमीन नुसती दमट, तिथे मात्र काळी ओली. आणि ओलीला आकार आहे. कुशीवर झोपलेल्या माणसाचा. गुडघे पोटाशी, एक हात उशाला.

आधी ही म्हणाली. मी म्हटलं, ढगात पण हत्ती दिसतात. मग सावित्री येऊन उभी राहिली. बघत राहिली बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "दुपारचे ते हितंच आडवे व्हायचे, भावोजी. जाळ्यांवर."

मला ठाऊक नाही होय? माझा सख्खा भाऊ तो.

१७ नोव्हेंबर, रविवार

झोप लागली नाही, आनंदाच डोक्यात.

माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मोठा झाला तरी माझ्या खांद्यालाच लागायचा. शर्ट शाळेच्या मुलांच्या दुकानात मिळायचा, त्यावरून मी छळायचो आणि तो दगड घेऊन मागे लागायचा. इथली होडी विकून वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती बोट बंदरातून निघाली ती निघालीच. सात माणसं. फळकुटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही. दर्यातल्या हद्दीपलीकडच्यांनी पकडली असेल म्हणून आशा होती. तिकडच्या तुरुंगातल्या खलाशांची नावं दोनदा जाहीर झाली. त्याच्या बोटीतलं एकही नाव नव्हतं.

सावित्री मागच्या दोन खोल्यांत राहते. मूलबाळ नाही. कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, "येतील" म्हणते. वाडीतले लोक माझ्याकडे बघतात—घरातला मोठा तू, तू काहीतरी ठरव. काय ठरवू? भाऊ मेला हे मी ठरवू?

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी शटर वर केलं तर त्या ओलीवर गोधडी घातलेली. नीट, खांद्यापर्यंत ओढावी तशी. सावित्रीची गोधडी.

उचलली तर मधोमध पिळून काढावी इतकी ओली. कडेला कोरडी ठाक. मी दोरीवर वाळत टाकली. हिने विचारलं, गोधडी कुणी धुतली? म्हटलं, मी. हिने माझ्याकडे असं बघितलं की बस!

२० नोव्हेंबर, बुधवार

ओल आटतेय. गुडघे गेले, आता पाठ तेवढी उरलीय. कडेने पांढरी रेघ. बोट लावून जिभेला लावलं. मीठ.

म्हणजे सरळ आहे! हा कोबा आनंदानेच घातलेला. रेती खाडीतली, पाणी खाडीचं—गोडं पाणी आणायचा कंटाळा. वर वीस वर्षं खाऱ्या पाण्याची जाळी त्याच जागी. मीठ मुरलंय, ते ओल ओढतं. बरणीचं झाकण उघडं राहिलं की मिठाला पाणी सुटतं ना? तेच. आकार-बिकार आपल्या डोक्यात.

हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, "मग मीठ गुडघे मुडपून कशाला झोपतं?"

२३ नोव्हेंबर, शनिवार. अष्टमी

आज भांग. पाणी मेलेलं, भरतीला जोर नाही. आणि कोबा खडखडीत! मला वाटलंच होतं. पुनवेचं उधाण होतं तेव्हा ओल आली, भांगाला गेली. आम्ही दर्याकाठची माणसं, होडीचं डागडुजीचं काम कधी काढायचं हे आम्हाला शिकवायला नको. भांगाला होडी वर घ्यायची, उधाणाच्या आत डांबर वाळवायचं. रूपेशला फोन केला—आज ये आणि आज बघ.

प्लास्टिक लावलं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्लास्टिक कोरडं! रूपेशने परत टिचकी मारून बघितलं. "काका, कमाल आहे. आठ दिवसांत वाळला?" मी मिशीत हसलो. दर्याचं वेळापत्रक मला पाठ आहे, ते त्याला कशाला सांगू?

मंगळवारी मशीन लावतो म्हणाला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर घासायचं मशीन. कोब्याची वरची साय काढायची म्हणजे लेप धरतो. नाकातोंडात धूळ. मागच्या भिंतीशी गेलं की चकती भरून बंद पडायची. बाकी ठिकाणी सुकी भुकटी, तिथे लगदा. वरून जमीन कोरडी दिसतेय, मग लगदा कुठून? रूपेशने चार वेळा चकती खरवडून साफ केली. पाचव्यांदा म्हणाला, "राहू दे, इथे हाताने घासतो." घासता घासता एकदा मागे वळून बघितलं त्याने. तिथे कुणी नव्हतं. मी समोर होतो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला हात परवा, मुख्य लेप काल, वरचा हात आज. काय दिसतंय! पावसाळी आभाळ जमिनीवर उतरल्यासारखं. दोन दिवस पाय ठेवायचा नाही. शटरला मीच कुलूप घातलं.

१ डिसेंबर, रविवार. अमावस्या

उधाण. खाडी पार माडांच्या बुंध्यापर्यंत. सकाळी कुलूप काढताना किल्ली दोनदा चुकली. उगाच!

जमीन कोरडी. मी मोठ्याने हसलो. जिंकलो.

४ डिसेंबर, बुधवार

गाडी आत घेतली. हिने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी लेपावर सांडलं ते फडक्याने पुसलं की गायब. वाडीतले गंगाराम वगैरे येऊन बघून गेले. एकजण म्हणाला, चपला काढू का? हो, काढ!

सगळे गेल्यावर सावित्री आली. भिंतीशी वाकली, तळहात टेकवला जमिनीवर. बराच वेळ ठेवला.

"कोरडा हाय," म्हणाली.

म्हटलं, हो. चांगलं झालं ना?

"मंग आता ते कुठं टेकतील?"

मला इतका राग आला! म्हटलं, गाडीसाठी केलंय, धर्मशाळा नाही. बोललो आणि जीभ चावली. ती मागच्या दाराने गेली. जेवणावर वासना राहिली नाही.

१५ डिसेंबर, रविवार. पौर्णिमा

गाडी पुसायला गेलो, अनवाणी. मागच्या भिंतीशी पायाखाली काहीतरी मऊ लागलं. जमीन मऊ! पाय झटकन उचलला. वाकून बघितलं तर लेप एका जागी पाव बोटभर उचललेला. उशी असते तेवढा.

रूपेश फोनवर म्हणतो, हवा अडकली असेल.

२२ डिसेंबर, रविवार

भांग आला तरी उशी खाली बसली नाही. वरून नखाने टकटक केलं. हवा असती तर पोकळ वाजली असती. हे भरलेलं वाजतं.

२९ डिसेंबर, रविवार

वाढलाय. खांदा.

३० डिसेंबर, सोमवार. अमावस्या

पुरा आहे. डोकं, खांदा, पाठ, मुडपलेले गुडघे, पावलं. लेप फाटला नाही कुठेही, नुसता ताणलाय. करड्या चादरीखाली माणूस झोपावा तसं. शटरमधून ऊन त्यावर पडलं होतं आणि सावलीसुद्धा पडली होती त्याची. मी आत गेलोच नाही. बाहेरूनच परत आलो, चहा मागितला, तो प्यायला नाही.

आता इथे खरं लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार—मी घाबरलोय. घाटात ब्रेक गेले तेव्हा घाबरलो नव्हतो असा.

सावित्री तिकडे जाऊन बसली. उठायला तयार नाही. हिने हात धरून उठवलं तर म्हणाली, "राजश्रीताई, हात लावून बघा, गरम हाय." ऊन पडलं होतं, गरमच असणार! पण हिने काही हात लावला नाही. मीही नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

रूपेश आला. बघून शिट्टी वाजवली. म्हणाला, ओल खालून दाबते, मीठ असलं की जास्त, असे फोड येतात, कारखान्यात पाहिलेत. "एवढे मोठे?" म्हटलं. त्याने पिशवीतून ब्लेड काढलं.

किती भाग उकरावा लागेल ते मोजायला मी टेप लावली. डोक्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत. पाच फूट दहा इंच भरलं. आनंदा कुठला एवढा! पण पाणी पसरतंच, त्यात काय.

रूपेशने ब्लेडने खांद्यापाशी चिरलं. पाणी आलं. बादलीभर तरी असेल. स्वच्छ, कोमट. रूपेशने बोट चाटलं आणि थुंकला. "दर्याचं आहे हो काका." मग सामान आवरलं, दोन दिवसांनी येतो म्हणून गेला. ब्लेड इथेच विसरला.

वास माशाचा नव्हता. भिजलेल्या दोरखंडाचा होता. पाणी शटरखालून अंगणात गेलं आणि सावित्री त्याच्या बाजूने चालत गेली, तुळशीपर्यंत. तिथे ते जिरलं. तिथेच बसून ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

१ जानेवारी, बुधवार

गाडी बाहेर आंब्याखाली उभी आहे. पक्ष्यांनी घाण केलीय. असू दे.

३ जानेवारी, शुक्रवार

सावित्री माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कधी अशी समोर येत नाही.

"भावोजी, त्यांचं करून टाका."

मी म्हटलं, अगं, ते मीठ आहे. कोब्यातलं मीठ.

"मीठ असंल. मी न्हाय म्हणत न्हाय. पन दोन वर्सं वल्या अंगानं माणूस दारात येऊन पडतोय, आन मी आत बसून म्हणतंय, येतील, येतील. कोण म्हणणार त्याला, जा बाबा? मीच म्हणाया पायजे ना?"

ही पदर तोंडात धरून आत गेली. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं पण वाटलं. ठरवलं तिने. मला ठरवावं लागलं नाही.

५ जानेवारी, रविवार

आमचे भटजी नाही म्हणाले. माणूस बेपत्ता असला तर बारा वर्षं वाट बघायची रीत आहे, घाई करू नका. मी म्हटलं, आम्हाला खूण मिळालीय. कसली खूण? सांगितली. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "तरी घाई करू नका" एवढंच म्हणाले.

देवरूखला राजश्रीच्या माहेरचे भटजी आहेत. ते करतो म्हणाले.

९ जानेवारी, गुरुवार

केलं. दर्भाचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ. खाडीकाठच्या स्मशानात. अग्नी मी दिला. दर्भ तो, भुर्रकन पेटला, माणूस काही असा पेटत नाही. मी म्हटलं, आनंदा, जा रे बाबा. तेवढं म्हणून मला पुढे दिसेना झालं. गंगारामने धरलं.

घरी आलो तेव्हा सावित्रीच्या हातात बांगड्या नव्हत्या. मी मान वर केली नाही.

१३ जानेवारी, सोमवार. पौर्णिमा

उधाण मोठं. चिरलेला फोड सपाट पडलाय, खालचा कोबा उघडा. कोरडा. पिठासारखा कोरडा.

गेला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वाडीत बायकांचं हळदीकुंकू सुरू. गेल्या वर्षापर्यंत सावित्री सगळ्यांच्या आधी तयार असायची. आज मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. हिने तिळगूळ तिच्या हातावर ठेवला.

२९ जानेवारी, बुधवार. अमावस्या

कोरडा. आता कुलूप काढताना माझी किल्ली चुकत नाही. उलट थोडं रिकामं वाटतं, हे लिहायला लाज वाटते. कुणी नव्हतंच म्हणणारा मी, आणि मलाच रिकामं!

६ फेब्रुवारी, गुरुवार

भांग. दोन दिवसांचे महिना करून रूपेश एकदाचा आला, तेवढा तुकडा उकरून परत भरला. या वेळी मीच म्हटलं, उधाणाला पण एकदा प्लास्टिक लावून बघ, मगच लेप दे. "त्याची गरज नाही काका, बघा की," म्हणाला. खरंच नव्हती. जोड दिसतो थोडा, वळून बघितलं तरच.

सावित्रीला मिरजोळ्याच्या मासळीच्या कारखान्यात काम मिळालं. कोळंबी सोलायचं. सकाळी डबा घेऊन निघते. परवा बसमधल्या कुणाची तरी नक्कल करून हिला हसवत होती. मी पडवीतून ऐकलं. बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुनवेचं उधाण येऊन गेलं. कोरडा. गाडी आत घेतली. उद्या देवरूखला जाऊन येऊ म्हणते ही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी फोन आला. पंजाबातून. पलीकडून सुटलेले खलाशी आलेत, एकाला बोलायचंय म्हणाले.

"दादा? मी आनंदा. जिता हाय मी."

मी आईचं माहेरचं नाव विचारलं. सांगितलं. वर मला तीच शिवी दिली, दगड घेऊन मागे लागायचा तेव्हाची. बोट फुटल्यावर पलीकडच्यांनी ह्या एकट्यालाच पाण्यातून काढलं. दोन वर्षं आजारी, इस्पितळात वेगळा ठेवलेला, म्हणून नाव कुठेच आलं नाही. बाकी सहाजण त्याच्या डोळ्यांदेखत गेले. ते सांगून रडला, मग म्हणाला, "सावित्रीला दे ना जरा."

ती डबा घेऊन निघालीच होती. दारात उभी, कपाळ मोकळं. मी फोन तिच्या हातात दिला आणि इकडे गॅरेजात आलो. भिंतीशी बसून लिहितोय.

टेप तिथेच खुंटीला आहे. पाच फूट दहा. इथे निजायला आला तो त्या सहाजणांतलाच कुणीतरी उंच सोबती असेल, त्याला आनंदाने सांगितलं असेल ना बोटीवर—आमच्याकडे जाळ्यांवर काय छान झोप लागते. मी आनंदाचं नाव घेऊन त्याला अग्नी दिला. कुठल्या गावचा होता तो? त्याच्या घरी अजून वाट बघत असतील.